रेणूंचीं कडीं



वारज्याच्या जलशुद्धीकरण केंद्रांत खडकवासल्याचें पाणी येतें. तुरटीनें गढूळपणा खालीं बसतो, वाळूंतून गाळल्यानें उरलासुरला कण अडतो, क्लोरीननें जंतू मरतात. परंतु पाण्यांत विरघळलेला क्षार ह्या तिन्ही वाटांनीं निसटून जातो. मग विरघळलेल्या दहा क्षारांपैकीं नेमका एकच उचला व बाकीचे जागच्या जागीं राहूं द्या, असें कोणी म्हटलें, तर तुरटीनें काय करावें ? त्यासाठीं रसायनशास्त्रज्ञांनीं घडविलेल्या कांहीं रेणूंविषयीं आज बोलावयाचें आहे.

चार्ल्स पेडरसन हे १९०४ सालीं कोरियांत जन्मले. वडील नॉर्वेचे, आई जपानी. १९६२ सालीं अमेरिकेंतील ड्युपाँ कंपनींत ते भलताच पदार्थ बनवीत असतां, शेंकडा अर्धा भागही भरणार नाहीं इतके थोडे पांढरे स्फटिक भांड्यांत उरले. दुसऱ्या कोणीं ते फेंकून दिले असते. हे स्फटिक मेथिल अल्कोहोलांत जेमतेम विरघळत. पण सोडियमचा क्षार पडतांच भराभर विरघळूं लागत. कारण रेणूचा आकार कड्यासारखा होता. आंतल्या बाजूस सहा ऑक्सिजन, आणि मधल्या पोकळींत धनविद्युत्‌भारित अणु बसलेला. पेडरसन यांनीं ह्या जातीस मुकुटाचें नांव दिलें. पोकळीच्या मापाचा अणु घट्ट बसतो; लहान असल्यास सैल पडतो, मोठा असल्यास आंत मावत नाहीं. १९८७ चें नोबेल पारितोषिक त्यांना क्रॅम व लेन यांच्यासह मिळालें.

आतां आपल्या तुर्भ्याकडे वळूं. अणुभट्टींतील जळालेल्या इंधनावर प्रक्रिया केल्यानंतर तीव्र नायट्रिक आम्लाचा जो द्रव उरतो, त्यांत सीझियम-१३७ असतें. पण त्याच्या कितीतरी पट सोडियमही असतें. भाभा अणुसंशोधन केंद्रानें येथें चषकाच्या आकाराचा, वर मुकुटाचा पूल बांधलेला रेणु योजिला. तो तेलांत विरघळवून आम्लाशीं घुसळला म्हणजे सीझियम तेलांत येतें, सोडियम मागें राहतें. पुढें तेंच तेल साध्या पाण्याशीं घुसळलें, कीं सीझियम पाण्यांत उतरतें. तीव्र आम्लांत नायट्रेटची जोड विपुल असते व तिच्यासह सीझियम तेलांत शिरतें. पाण्यांत ती जोड नसल्यानें त्याला तेथें राहवत नाहीं. माझ्या मतें धरण्यापेक्षां हें सोडणेंच अधिक नवलाचें. जें कडें पकड सोडीत नाहीं, तें एकदांच उपयोगी.

ह्या सीझियमच्या कांचेच्या कांड्या रक्तपेढ्यांच्या कामास येतात. रोगप्रतिकारशक्ति खचलेल्या रुग्णास रक्त देतां, दात्याच्या पांढऱ्या पेशी त्याच्याच शरीरावर उलटतात व तें बहुधा प्राणावर बेततें. गॅमा किरणांनीं त्या पेशींची वाढ खुंटते. तांबड्या पेशी मात्र कामास येतात. पूर्वापार अशा यंत्रांतून सीझियम क्लोराइडची भुकटी वापरीत. ती पाण्यांत मिठासारखी विरघळते. त्याच १९८७ सालीं ब्राझीलमधील गोयानिया शहरीं, ओसाड दवाखान्यांतील एक उपचारयंत्र भंगारासाठीं फोडलें गेलें. अंधारांत चकाकणारी भुकटी लोकांनीं घरोघर वाटली, अंगालाही लावली, चौघे दगावले. कांच अशी उधळत नाहीं.

कड्यांनाही किरणांची झळ लागते, म्हणून तेल वेळोवेळीं धुऊन तपासावें लागतें. कांडीचें तेज तीस वर्षांनीं निम्मे होतें.