जमाखर्चाची वही

(युवक अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



तुम्ही मला क्रांतीवर बोलायला बोलावलंत आणि मी उघडतोय जमाखर्चाची वही. मागच्या बाकावर दोघं आत्ताच जांभया देताहेत. देऊ द्या. हिशेबाच्या खात्यात कारकुनी करत म्हातारा झालो, मला सवय आहे.

एक सांगा, १९७२ च्या आपल्या पँथरचं नाव कुठनं आलं? अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर पार्टीकडनं, हे सगळ्यांना पाठ आहे. त्याच्या मागे जा. अलाबामा राज्य, लाउंड्स काउंटी. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, फक्त तिथला शेरीफ आणि कर ठरवणारा साहेबही मतं मागून खुर्चीत बसतो. ऐंशी टक्के वस्ती काळ्यांची, आणि १९६५ उजाडलं तेव्हा मतदारयादीत काळा माणूस एक नाही! लोकांनी स्वतःचा पक्ष काढला, खूण घेतली काळा पँथर. समोरच्या गोऱ्यांची खूण होती पांढरा कोंबडा.

१९६६ ला हा पँथर उभा राहिला तो वॉशिंग्टनच्या गादीसाठी नव्हे. शेरीफ, शाळा समिती, करवसुली यांच्यासाठी. अ‍ॅलिस मूर ही बाई करआकारणीच्या जागेवर लढली. तिचं म्हणणं एवढंच, की श्रीमंताला कर लावा आणि गरिबाच्या पोटाला घाला. जमिनीची किंमत कागदावर किती धरायची हे जो ठरवतो तो खरा मालक, हे त्या बाईला कळलं होतं. सातही उमेदवार पडले. १९७० ला जॉन ह्युलेट शेरीफ झाला, पण ते पुढचं.

आता त्याच राज्यातली जेफरसन काउंटी. बर्मिंगहॅम तिच्यातच, १९६३ ला जिथे पोरांवर पोलिसांचे कुत्रे सोडले. नद्यांत मैला जात होता म्हणून १९९६ ला तिने कोर्टात कबूल केलं, गटारं नीट करू. पैसा? रोखे काढले. कर्ज चढत गेलं तीनशेवीस कोटी डॉलरपर्यंत. मग बँकवाले आले, म्हणाले, ठरलेलं व्याज कशाला, बदलतं घ्या, स्वस्त पडेल. २००८ ला बाजार कोसळला आणि ते स्वस्त व्याज बोकांडी बसलं. नळाच्या टोकाला बसलेल्या बाईचं गटाराचं बिल तोवर चौपट झालं होतं. तिला कुणी विचारलं होतं का, ठरलेलं व्याज की बदलतं?

जेपी मॉर्गन बँकेने २००९ ला आरोप मान्यही न करता आणि नाकारताही न करता प्रकरण मिटवलं. पाच कोटी डॉलर काउंटीला, अडीच कोटी दंड, आणि सुमारे पासष्ट कोटींच्या फीवर पाणी. त्याच वर्षी लॅरी लँगफर्ड लाचेच्या खटल्यात दोषी ठरला, पंधरा वर्षांची शिक्षा. हा आधी काउंटी कमिशनचा अध्यक्ष, मग बर्मिंगहॅमचा महापौर. काळा माणूस. आपला माणूस खुर्चीत बसला की झालं, असं म्हणणाऱ्यांनी हे नाव वहीत लिहून ठेवावं.

इथे नीट ऐका. गटाराचा हिशेब वेगळा असतो, रोजच्या कारभाराचा वेगळा. दोन्ही खिशांना एकदमच भोक पडलं. आपल्या व्यवसाय करासारखा तिथे कामावरचा कर होता, वर्षाला सहा कोटी डॉलरच्या वर. २००९ ला कोर्टाने तो उडवला. काउंटीला स्वतःच्या मर्जीने नवा कर बसवता येत नाही, मांटगोमेरीच्या विधिमंडळाची परवानगी लागते. ही बेडी १९०१ च्या राज्यघटनेतली. गोऱ्यांचं राज्य पक्कं करायलाच ती घटना लिहिली होती. २०२२ ला तिच्यातले वंशद्वेषाचे शब्द काढले, बेडी राहिली. परवानगीने आलेला नवा करही २०११ ला कोर्टात पडला.

जमेची एक ओळ गेली. खर्चाची कुठली जाते? २००९ च्या ऑगस्टात हजाराच्या आसपास कामगार बिनपगारी घरी. २०११ ला पुन्हा शेकडो. नोव्हेंबर २०११ ला काउंटीने दिवाळं जाहीर केलं, चारशेवीस कोटींचं देणं. आकडाही बघा कुठला आला! २०१२ संपताना कूपर ग्रीन या गरिबांच्या इस्पितळातल्या खाटा बंद. २०१३ ला सावकारांशी समझोता झाला, त्यांनीही तोटा सोसला, खोटं बोलणार नाही. पण गटाराचा दर आधी चार वर्षं दरसाल ७.४१ टक्के, नंतर ३.४९ टक्के वाढवायचं त्यातच ठरलं.

आणि लाउंड्स? पँथरचं गाव? तिथे कित्येक घरांना गटारच नाही, मैला अंगणात साचतो. २०२३ ला केंद्राच्या न्याय खात्याने राज्याच्या आरोग्य खात्याशी करार करून काम सुरू करवलं. एप्रिल २०२५ ला नव्या सरकारने तो करार मोडला.

आपल्या महापालिकेच्या अंदाजपत्रकाची प्रत मी आणलीय, टेबलावर आहे. एकच आहे, फाडू नका. मलनिस्सारणाचं पान काढा. मागच्या साली मंजूर किती, खर्च किती, आणि आपल्या वॉर्डाच्या नावापुढे काय लिहिलंय ते मोठ्याने वाचा. जांभई देणाऱ्यांपैकी एकाने पुढे या.