पडद्यावरचा लिलाव

लिलाव हा शब्द पोर्तुगिजांकडून आपल्या भाषेत आला आणि तहसील कचेरीच्या आवारात असा रुजला, की जप्तीच्या मालाभोवतीचा घोळका आणि ‘एक वार, दोन वार’ हा पुकारा ज्यांनी ऐकला आहे, त्यांना तो परका वाटतच नाही. आज हप्ते थकल्यामुळे वित्तसंस्थांनी कब्जात घेतलेल्या मोटारींचा लिलाव मोबाइलवर होतो आणि त्याची दवंडी शिरूर-दौंडच्या तरुणांपर्यंत पोहोचवतो तो समाजमाध्यमावरचा एखादा लोकप्रिय इन्फ्लुएन्सर.

शिरूर-घोडनदीतील माझ्या शेजारच्या एका मुलाबरोबर मी अशा मोटारींच्या यार्डात गेलो होतो. ‘दीड लाखात मोटार’ हे रील त्याला तोंडपाठ झाले होते. प्रत्यक्षात तिच्या काचेवर धुळीचा थर होता, बॅटरी कोणी काढून नेली होती आणि मागच्या आसनावर लहान मुलाचा एकच बूट पडला होता. तो पाहिल्यावर आम्ही दोघेही बराच वेळ बोललो नाही. कोणाच्या तरी घरातून उठलेली ही गाडी आहे, हे रीलमध्ये कोठेच नव्हते.

दीड लाख ही तर बोलीच्या आरंभाची किंमत. तीच चित्रफीत हजारो लोक पाहतात, त्यांतले काही अनामत भरून उतरतात, अखेरच्या मिनिटांत बोली आली की पुष्कळ ठिकाणी मुदत आपोआप पुढे सरकते, आणि अशा रीतीने स्वस्ताईची वार्ताच त्या स्वस्ताईला गिळून टाकते. माल ‘जसा आहे, जिथे आहे’ या अटीवर मिळतो. जिंकून माघार घेतली तर अनामत जाते. शिवाय नोंदणीपुस्तकावरचा बोजा उतरवून गाडी नावावर करण्यासाठी दौंडकराला बारामतीच्या परिवहन कार्यालयाकडे अर्ज करावा लागतो, तो वेगळाच. आणि रीलचे म्हणाल, तर मोबदला घेऊन शिफारस करणाऱ्याने ते स्पष्ट, आणि शिफारशीच्याच भाषेत, सांगावे, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी 2023 मध्ये बजावले आहे. आपण ऐकणाऱ्यांनीही तो खुलासा हक्काने मागितला पाहिजे.

त्या मुलाने माझ्या आग्रहाखातर एक लाख ऐंशी हजार हा कमाल आकडा वहीत लिहून ठेवला होता. लिलावाच्या रात्री बोली त्यापुढे गेली आणि वाढतच राहिली. पडद्यावरून नजर न काढता तो हलकेच म्हणाला, “काका, हे सगळे तेच रील बघून आलेत.”