फौजदारी कोर्टाची पायरी
(वर्धापनदिनी मंडळात झालेले भाषण)



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण न चढणे नेहमी आपल्या हाती असते असे नाही. नळावरची बाचाबाची, बांधावरची धक्काबुक्की, घरात सापडलेली हातभट्टीची दारू, एवढ्यावरूनही समन्स येते.

कर्जत असो वा खालापूर, हे खटले एकटे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी चालवितात. सिनेमात दिसणारी ज्युरी तेथे नसते; आपल्याकडे ज्युरी होती तेव्हाही ती सेशन्स आणि हायकोर्टातल्या मोठ्या खटल्यांपुरतीच. एके काळी असे खटले मामलेदारापुढेही चालत, म्हणजे सारा वसूल करणारा तोच आणि शिक्षा देणाराही तोच. मुंबई राज्याने १९५१ साली कायदा करून ही दोन कामे वेगळी केली, ते फार बरे झाले.

१ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली. या न्यायाधीशांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड करता येतो. अगदी किरकोळ प्रकरण संक्षिप्त रीतीने चालविले, तर साक्षीचा सारांशच लिहून घेतात. मात्र मग तीन महिन्यांहून अधिक कैद देता येत नाही. आणखी एक गोष्ट मला मोठी वाटते. आरोपी घरी सापडला नाही तर समन्स घरातल्या प्रौढ 'पुरुषा'कडे द्यावे, असे जुन्या कायद्यात होते. आता नुसते प्रौढ माणूस म्हटले आहे. तेव्हा शिपाई दारात आला तर "घरात कुणी नाही" असे म्हणू नका; तुम्ही आहात!

पुकारा झाला की न्यायाधीश आरोप समजावून सांगतात आणि विचारतात, "गुन्हा कबूल आहे काय?" सारे येथेच ठरते.

माझ्या वकिलीच्या सुरुवातीस एका तालुक्याच्या कोर्टात एक बाई आली होती. शेजारणीला ढकलले म्हणून शेजारणीने थेट कोर्टात फिर्याद दिलेली. व्हरांड्यात कोणीतरी तिला म्हणाले, "मावशी, हो म्हणा, दंड भरा, दुपारच्या गाडीने घरी जा." तिने तसेच केले. दंड किरकोळ होता. पुढे काही वर्षांनी नोकरीच्या अर्जावर रकाना आला, 'पूर्वी शिक्षा झाली आहे काय?' तो कागद घेऊन ती माझ्याकडे आली. कबुलीवर झालेल्या शिक्षेविरुद्ध अपील करायचे तर शिक्षा जास्त आहे किंवा बेकायदा आहे एवढेच म्हणता येते, गुन्हा केलाच नाही असे म्हणता येत नाही. ते तिला सांगताना माझी जीभ जड झाली. साध्या मारहाणीचे असे प्रकरण फिर्यादीच्या संमतीने मिटविता येते, आणि मिटले की आरोपी निर्दोष सुटल्यासारखाच होतो. शेजारीण त्या दिवशी चार हातांवर बाकावर बसली होती. मीही त्याच व्हरांड्यात होते, तो सल्ला मी ऐकला होता. बाई माझी अशील नव्हती, म्हणून गप्प राहिले. हे मी तिला अजून सांगितलेले नाही.

साक्षीला गेलात तर जबानी वाचून दाखवितात, ती कान देऊन ऐका, चुकले असेल तर तेथल्या तेथे सांगा. पोलिसांना साक्षीदार बाईकडे चौकशी करायची असेल तर ती तिच्या राहत्या घरीच करावी लागते. ठाण्यावर या म्हटले तर नम्रपणे एवढेच सांगावे.

आणि वकिलाला पैसे कोठून आणू, असे कोणी म्हणू नये. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे, कोर्टाच्या आवारातच करायचा. मंडळाच्या फळ्यावर हे ठळक अक्षरांत लिहून ठेवावे, अशी चिटणीसबाईंना विनंती केली आहे, आणि त्यांनी खडू मागवलाही आहे.