गळ्याचा एक्स-रे आणि आईच्या मांडीवरचे लेकरू

(मंडळीच्या सभेतील भाषण)



मेळघाटातील कोरकू लेकरांच्या घशात काही अडकले, श्वास कोंडला, तर उपयोगी पडावे म्हणून आपण एक्स-रे मशीन घेऊन द्यावे, अशी सूचना आली आहे. ती प्रेमाने आली आहे. तरी माझे मत वेगळे आहे.

मानेचा बाजूने काढलेला एक्स-रे बरेच सांगतो. श्वासनलिकेच्या तोंडावरचे झाकण सुजले, तर ते फिल्मवर अंगठ्यासारखे जाड दिसते. घशामागे पू साचला, तर मणक्यापुढची सावली रुंद होते. गिळलेले नाणे तर लगेच दिसते. पण लेकरांच्या श्वासनलिकेत बहुधा जातो तो शेंगदाणा, हरभरा, एखादी बी. या वस्तू एक्स-रेत सहसा दिसत नाहीत, शिवाय मानेच्या खाली छातीत उतरतात. म्हणून फिल्म स्वच्छ आली, तरी धोका टळला असे नाही.

दुसरी गोष्ट याहून मोठी. श्वास घेताना शीळ वाजते, लाळ गळते, लेकरू पुढे वाकून बसते. अशा लेकराला फिल्मसाठी आडवे केले, ते घाबरून रडले, तर उरलेली वाटही बंद होऊ शकते. तिथे आधी श्वासाची वाट राखायची असते. त्यासाठी भूलतज्ज्ञ आणि कान-नाक-घशाचे डॉक्टर लागतात, म्हणजे धारणीहून घाट उतरून अमरावती किंवा अकोला गाठणे आले.

१०८ची गाडी फुकट आहे. परतीचे भाडे, आईची भाकर, बुडालेली मजुरी मात्र फुकट नाही, आणि पुष्कळ घरे तिथेच अडतात. भूमकाबाबांनाही विश्वासात घ्यावे लागते. त्यांनी ‘जा’ म्हटले की घर लवकर निघते.

गावोगाव आम्ही एवढेच सांगतो: लेकराला आईच्या मांडीवर बसतेच ठेवा, घशात बोट घालू नका, पाणी पाजू नका, खोकत असेल तर खोकू द्या. आणि ६, १० व १४ आठवड्यांची पेंटाव्हॅलंट लस चुकवू नका. घटसर्प आणि घशाचे ते झाकण सुजवणारा हिब जंतू, दोन्हींपासून तीच राखते.

मशीनसाठी ज्यांनी रक्कम कळवली आहे, त्यांनी ती प्रवास-निधीत वळवायची का, हे सेक्रेटरींना येत्या रविवारपर्यंत सांगावे.