बाजाराच्या वाटेवरची सावली

(सामुदायिक रेडिओवरील भाषणाचा मजकूर)

 

आज रस्त्याबद्दल बोलायचंय. आपल्या वाडीच्या रस्त्याबद्दल नाही, तालुक्याच्या गावातल्या मेन रोडबद्दल. तुम्ही म्हणाल, तो शहराचा रस्ता, तो कसा करायचा ते शहरवाले बघतील. पण जरा आठवून बघा. एसटीतून उतरलं की बँक, तहसील कचेरी, सरकारी दवाखाना, बी-बियाण्याचं दुकान आणि शेवटी बाजारतळ, हे सगळं बहुतेक त्या एकाच रस्त्याला लागून असतं. आणि आपण ते पायी करतो. शहरात राहणारा माणूस घरातून मोटरसायकल काढतो. भर उन्हात तो रस्ता चालणारी बाई बहुतेक वेळा खेड्यातून आलेली असते. कडेवर मूल, नाहीतर डोक्यावर पाटी. म्हणजे त्या रस्त्याचं बरंवाईट सगळ्यात आधी आपल्याच पायांना कळतं.

हल्ली गावोगावी हे मेन रोड नव्याने करायचं काम निघालंय. रुंदीकरण, काँक्रिटीकरण, सुशोभीकरण, असे मोठमोठे शब्द फलकावर असतात. होतं काय? आधी कडेची जुनी चिंच, कडुनिंब, वड जातात. मग मधोमध दुभाजक येतो, त्यात बुटकी शोभेची झाडं. त्यांची सावली त्यांच्याच बुडाशी पडते. आणि चालणाऱ्यांसाठी काय, तर गटारावरची झाकणं. त्यालाच फुटपाथ म्हणायचं. एक झाकण वर, एक खाली, एक गायब, मध्ये विजेचा खांब, पुढे दुकानाची पायरी, पायरीपुढे उभी मोटरसायकल. बाई उतरते रस्त्यावर आणि मागून ट्रक हॉर्न वाजवतो. जणू रस्त्यात आली ही तिचीच चूक.

रस्ता असाच करावा लागतो, दुसरा इलाज नाही, असं कुणी सांगितलं तर त्यांना पुण्याचा जंगली महाराज रस्ता दाखवायचा. बालगंधर्व रंगमंदिर आणि पाताळेश्वराची लेणी ज्या रस्त्यावर आहेत, तोच हा रस्ता. पुणेकर त्याला प्रेमाने जे. एम. रोड म्हणतात. त्याची एक गोष्ट महाराष्ट्रभर सांगितली जाते. १९७६ साली रेकॉन्डो नावाच्या कंपनीने तो बांधला, दहा वर्षं खड्डा पडणार नाही अशी लेखी हमी देऊन. आणि दहा सोडा, त्याच्या कितीतरी पुढे तो टिकला. पण मला आज खड्ड्यांची गोष्ट सांगायची नाही. ती सगळ्यांना माहीत आहे. मला त्याच्या कडांची सांगायची आहे.

पुणे महापालिकेने २०१६ साली पादचाऱ्यांसाठी धोरण मंजूर केलं आणि त्या सुमारास या रस्त्याच्या दोन्ही कडा नव्याने करायला घेतल्या. रस्त्यावर जुनी, मोठी झाडं होती. ती तोडून जागा काढायची नाही, झाडं जिथे आहेत तिथे धरूनच पदपथ आखायचा, असं काम झालं. झाडांच्या ओळीत, दोन खोडांच्या मधल्या जागेत गाड्या लावायची सोय केली. झाडाच्या भोवती बसायला कट्टे केले. मुलांना खेळायला काही साधनं ठेवली. आणि चालायला एवढी रुंद वाट ठेवली की तिघी-चौघी बोलत बोलत शेजारी शेजारी जाऊ शकतात. आपल्याकडे बायका रस्त्याने एकामागे एक चालतात, ती काही आवड नसते, तेवढीच जागा असते.

सगळं तिथे सुरळीत आहे असं मी म्हणणार नाही. सायकलच्या पट्ट्यात मोटरसायकली घुसतात, पदपथावर गाड्या लागतात, आणि पुण्यातलेच बाकीचे कितीतरी रस्ते चालण्याजोगे नाहीत. पण एक गोष्ट त्या रस्त्याने दाखवून दिली. आहे त्याच रुंदीत, आहेत तीच झाडं ठेवून, चालणाऱ्यांना मोठा वाटा देता येतो. प्रश्न जागेचा नसतो. जागा कुणाला किती वाटून दिली याचा असतो.

हे वाटप रेडिओवर कसं दाखवायचं? साडीने दाखवते.

समजा मेन रोड साठ फुटांचा आहे. गाड्यांना येण्याजाण्यासाठी दोन पदर लागतात, त्याला चोवीस फूट पुरतात. एसटी आणि ट्रक समोरासमोर सहज जातात. राहिले छत्तीस. म्हणजे दोन्ही बाजूंना अठरा-अठरा फूट. आपली सहावारी साडी लांबीला साधारण अठरा फूट भरते. एक सहावारी रस्त्याच्या कडेपासून दुकानाच्या पायरीपर्यंत अंथरली आहे असं डोळ्यांपुढे आणा. दुकानाकडचे सहा फूट नुसते चालायला. तिथे खांब नाही, फलक नाही, गाडी नाही. त्याच्या पुढचे पाच फूट झाडांचे. राहिलेले सात फूट गाड्या लावायला, रिक्षाला, आणि बाजाराच्या दिवशी पाटी घेऊन बसणाऱ्या बाईला. बसलं सगळं एका साडीत! रस्ता अरुंद असेल तर गाड्या लावायची जागा एकाच बाजूला द्यावी. पण चालायचे सहा फूट सोडायचे नाहीत.

हे सहा फूट मी मनाने सांगत नाही. देशातल्या रस्त्यांचे नियम ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस नावाची संस्था आहे. चालायची मोकळी वाट किमान १.८ मीटर, म्हणजे सहा फूट, असं तिच्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलंय. दुकानं-बाजार असेल तिथे अडीच मीटर. आणि पदपथाची उंची १५० मिलिमीटरच्या वर नको, म्हणजे वीतभरसुद्धा नाही. आपल्याकडे काही ठिकाणी तो एवढा उंच असतो की गुडघे दुखणारी आजी चढूच शकत नाही. मग म्हणतात, फुटपाथ बांधून दिला तरी बायका रस्त्यावरूनच चालतात.

आता झाडांचं. तुम्हाला झाडांचं मी काय सांगणार, पण शहरात रस्त्याकडेला झाड लावणं आणि बांधावर लावणं यात फरक आहे. बांधावरच्या झाडाला माती असते. रस्त्याकडेच्या झाडाला चहूबाजूंनी डांबर नाहीतर सिमेंट. पाणी मुरायला जागा नाही, मुळांना हवा नाही. खोडाला चिकटून पेव्हर ब्लॉक बसवले की झाड लगेच मरत नाही, पाच-सात वर्षं झुरतं, आणि मग एखाद्या वळवाच्या वाऱ्यात आडवं होतं. लोक म्हणतात झाड धोकादायक होतं. ते धोकादायक कुणी केलं, ते कुणी विचारत नाही. दिल्लीत २०१३ साली हरित लवादाने खोडाभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. आपल्या कामाच्या नकाशात तेवढी माती सोडली आहे का, हे आधीच बघायला हवं. नंतर फोडून देत नाही कुणी.

कुठलं झाड? माझं मत स्पष्ट आहे. सावलीसाठी कडुनिंब आणि करंज. जागा ऐसपैस असेल, चौकात, बाजारतळावर, तर वड, पिंपळ, चिंच. मधूनमधून तामण, बहावा, डोळ्यांना बरं वाटायला. गुलमोहर दिसतो छान, वाढतोही भराभर, पण लाकूड ठिसूळ, फांद्या मोडतात, त्याच्याखाली माणसांची वर्दळ नको. आणि वरून विजेच्या तारा जात असतील तर तिथे उंच वाढणारं झाड लावूच नये. नाहीतर दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर विजेची माणसं येऊन त्याचा शेंडा उडवतात आणि झाडाची खराट्यासारखी गत होते. दोन झाडांत पंचवीस-तीस फूट ठेवले तर मोठी झाल्यावर त्यांच्या फांद्या एकमेकींना भिडतात आणि सावलीत खंड पडत नाही. रोप डोक्याइतकं उंच, खड्डा खोल, भोवती जाळी, आणि पहिले तीन उन्हाळे पाणी. पाणी कोण घालणार, त्याचे पैसे कुठल्या खात्यातून, हे कामाच्या कागदात लिहिलेलं नसेल तर ती झाडं फक्त उद्घाटनाच्या फोटोपुरती.

रात्रीचंही बघावं लागतं. सावली दिवसा सुखाची, अंधारात भीतीची. दिव्याचे खांब झाडांच्या डेऱ्यापेक्षा बुटके हवेत, म्हणजे उजेड पानांवर न पडता वाटेवर पडतो. संध्याकाळच्या शेवटच्या गाडीसाठी थांबणाऱ्या मुलींना विचारा, त्या सांगतील कुठला कोपरा कसा आहे ते. आणि बायकांसाठी स्वच्छतागृह. चांगल्या रस्त्याच्या यादीत ते पहिल्या पाचात हवं. बाजाराच्या दिवशी पाणी न पिता दिवस काढणाऱ्या बायका मला इथे ऐकणाऱ्यांत सुद्धा असतील.

एक धोका मात्र ओळखून असा. रस्ता सुंदर करायचा म्हटलं की पहिली उठवली जाते ती पाटीवाली. झाड लावलं, कट्टा बांधला, दिवे लावले, आणि ज्या बाईने त्या जागी वीस वर्षं मेथी-कोथिंबीर विकली तिला सांगितलं, इथे बसायचं नाही, घाण होते. असा रस्ता कितीही हिरवा असला तरी मी त्याला चांगला म्हणणार नाही. २०१४ सालचा पथविक्रेत्यांचा कायदा आहे. त्यात शहराच्या पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांचे असावेत, आणि त्यांच्यात एक तृतीयांश बायका, असं लिहिलंय. तुमच्या तालुक्याच्या गावात अशी समिती झाली आहे का, तिच्यावर कोण बाई आहे, हे बाजारात बसणाऱ्या प्रत्येकीला माहीत पाहिजे. बाजाराची पावती फाडता ना? ती फेकू नका. तीच दाखवते की तुम्ही तिथे बसत होता.

इथे खरी अडचण येते. आपलं मतदान गावात, रस्ता शहराचा. नगरसेवकाला आपलं मत नको असतं, म्हणून आपल्या पायांची मोजदाद होत नाही. दुकानदार मात्र त्याचे मतदार. ते म्हणतात, दारात गाडी लागली नाही तर गिऱ्हाईक येणार नाही. त्यांची भीती खोटी आहे असं म्हणून उडवून लावू नका. पण त्यांना आठवण करून द्या, बाजाराच्या दिवशी तुमच्या दुकानात येणारं गिऱ्हाईक पायी येतं, आणि ते आम्ही आहोत. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन करतात, त्या दिवशी रस्त्याचा काही भाग गाड्यांना बंद. तालुक्याच्या गावात वर्षातला एक बाजारवार असा मागून बघायला काय हरकत आहे?

आणि बोलायला मतदार असावंच लागतं असं नाही. शहरी भागातल्या झाडांसाठी महाराष्ट्राचा १९७५ सालचा कायदा आहे. झाड तोडायचं तर नगरपरिषदेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, त्या झाडावर नोटीस लावावी लागते, आणि लोकांच्या हरकती घ्याव्या लागतात. २०२१ साली त्यात बदल होऊन पन्नास वर्षांच्या वरच्या झाडाला वारसा वृक्ष म्हटलं गेलं, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावायची असं ठरलं. ऐकायला बरं वाटतं. पण साठ रोपं गावाबाहेरच्या माळावर लावली तर बाजाराच्या वाटेवरची सावली काही परत येत नाही. म्हणून हरकत घेताना ‘बदली झाडं लावा’ एवढंच लिहू नका, ‘हे झाड ठेवून रस्ता आखा’ असं लिहा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलंय की अडथळा नसलेला पदपथ हा पायी चालणाऱ्याच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. अर्जात हे एक वाक्य जरूर टाका.

पुढच्या बाजाराला जाल तेव्हा गटातल्या चौघींनी अर्धा तास काढा. स्टँडपासून बाजारतळापर्यंत चाला आणि वहीत लिहा: किती झाडं, कुठली, कुठे वाट अडली, कुठे रस्त्यावर उतरावं लागलं, कुठे बसायला जागा नव्हती. काम सुरू व्हायच्या आधी नगरपरिषदेत मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज द्या आणि रस्त्याचा आडवा छेद दाखवणारा नकाशा मागा. रस्ता मधोमध कापला तर गाडीला किती, झाडाला किती, चालायला किती, हे त्यातच दिसतं. दाखवत नसतील तर माहितीच्या अधिकारात मागा, दहा रुपयांत अर्ज होतो. काही मेन रोड राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात, तेव्हा रस्ता कुणाचा हे आधी विचारून घ्या, नाहीतर दोन्ही कचेऱ्या एकमेकींकडे बोट दाखवतील. गटाच्या सह्या-अंगठे घ्या, गावाचं नाव प्रत्येकीपुढे लिहा, म्हणजे किती गावांच्या बायका त्या रस्त्यावर चालतात ते कागदावर येईल. अर्ज दोन प्रतींत न्या, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का मारून घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका.