सांध्याची खबर देणारं प्रथिन

सकाळी उठल्यावर बोटं आखडलेली, मूठ वळत नाही, आणि रिपोर्टात सीआरपी, म्हणजे सूज दाखवणारं रक्तातलं प्रथिन, मात्र नॉर्मल! आमवाताच्या, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या काही रुग्णांचं असं होतं. सूज सांध्यात, पण सीआरपी बनतं यकृतात. साक्षीदार दुसऱ्याच गावचा.

कॅलप्रोटेक्टिनचं तसं नाही. १९८० साली नॉर्वेत माग्ने फागरहोल आणि सहकाऱ्यांनी पांढऱ्या पेशींत शोधलेलं हे प्रथिन. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीच्या पेशीद्रवातल्या प्रथिनांपैकी जवळजवळ निम्मं तेच असतं! जंतूंना जस्त मिळू न देणं, हे त्याचं एरवीचं काम. सांध्याच्या अस्तराला सूज आली की या पेशी तिथे गोळा होतात आणि कॅलप्रोटेक्टिन सांध्यातल्या द्रवात उतरतं, तिथून रक्तात. गुडघ्याच्या नुसत्या झिजेत ते एवढं वाढत नाही.

जंतुसंसर्गातही ते वाढतं, त्यामुळे एकट्या आकड्यावर निदान करणं धोक्याचं. शिवाय रक्त घेण्याची पद्धतही आडवी येते. रक्त नळीत गोठू दिलं, तर पांढऱ्या पेशी तिथेच हे प्रथिन सोडतात आणि आकडा उगीच फुगतो. म्हणून या तपासणीला रक्त गोठू न देणारी, जांभळ्या झाकणाची ईडीटीएची नळी बरी.