हाडांचं औषध: आधी कोणतं, मग कोणतं?

आमच्या गटांकडे अंतर्गत कर्जाचे जे अर्ज येतात, त्यात बियाणं, शेळी, शाळेची फी यांच्या जोडीला आता ‘हाडाच्या इंजेक्शनसाठी’ असंही कारण दिसू लागलंय. म्हणून आज त्याबद्दल बोलणार आहोत.

पाळी गेल्यावर हाडांची झीज वेगानं होते. मग नुसतं घसरून पडलं तरी मनगट किंवा खुबा मोडतो. मणका तर हंडा उचलतानाही दबतो, पोक येतं आणि आपण म्हणतो, वय झालं! डेक्सा तपासणीत आकडा उणे अडीच किंवा त्याखाली आला, की हाडं ठिसूळ झाली असं डॉक्टर धरतात. मग कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व लागतंच, पण तेवढ्यानं भागत नाही.

औषधं मुख्यतः दोन प्रकारची. एक झीज रोखणारी, म्हणजे बांध घालून माती वाहू न देणारी. यात अ‍ॅलेंड्रोनेटची आठवड्याची गोळी, वर्षातून एकदा सलाईनमधून देतात ते झोलेड्रोनिक अ‍ॅसिड आणि दर सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन. दुसरी नवं हाड घडवणारी, म्हणजे शेतात गाळ आणून टाकणारी. टेरिपॅराटाइड हे त्यातलं. रोज टोचून घ्यायचं, साधारण दोन वर्षांपर्यंत, आणि महागही.

आता क्रमाचं. गाळ टाकला आणि बांध घातला नाही, तर पहिल्या पावसात काय होतं ते आपल्याला कुणी शिकवायला नको. टेरिपॅराटाइड संपल्यावर झीज रोखणारं औषध घेतलं नाही, तर कमावलेलं हाड जातं. मणका आधीच मोडला असेल, धोका मोठा असेल, तर पुष्कळदा घडवणारं औषध आधी देतात. बाकी अनेकींना आठवड्याची गोळी पुरते. ती सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही. चहासुद्धा नंतर. हे बायकांना सगळ्यात जड जातं, आम्हाला माहीत आहे.

सहामाही इंजेक्शनाबद्दल मात्र जरा कान देऊन ऐका. दुखत नाही म्हणून किंवा कापूस विकला गेला नाही म्हणून पुढचं इंजेक्शन चुकवलं, तर थांबलेली झीज एकदम उसळते आणि एकाच वेळी दोन-तीन मणके मोडू शकतात. ते बंद करायचंच असेल, तर त्याच्या जागी गोळी किंवा वर्षाचं सलाईन घ्यावं लागतं. ते सोडून थेट टेरिपॅराटाइडवर गेलं, तर खुब्याचं हाड काही काळ उलट कमी होऊ शकतं.

त्यामुळे पहिली सुई टोचण्याआधीच डॉक्टरांना विचारा, ‘हे किती दिवस, आणि यानंतर काय?’ वर्षाला खर्च किती, तेही विचारा. पुढच्या डोसला पैसे जमणार नसतील तर आताच सांगा, लाजू नका. मूत्रपिंडाचा त्रास, जुनं आम्लपित्त, काढायचा असलेला दात हेही सांगायचं, कारण त्यावरून औषध बदलतं. गोळी पाच वर्षं झाली असेल तर थोडी विश्रांती देता येईल का, हाही प्रश्न रास्त आहे. पण ती स्वतःच्या मनानं घ्यायची नाही.

आमच्या गटांत आता असं कर्ज देताना पुढच्या इंजेक्शनाची तारीख हप्त्याच्या वहीत लाल शाईनं लिहितो आणि महिनाभर आधी बैठकीत मोठ्यानं वाचतो.